नदी गोठण्याआधीचं पत्र

वोलोग्दा
२६ नोव्हेंबर १९९६, मंगळवार

आई,

आज उणे अकरा आहे. सकाळी डेअरीत गेले, लोण्याचे सहा नमुने तपासले, तीनला घरी आले. आता चार वाजलेत आणि बाहेर अंधार पडलाय.

शनिवारी केलेली तार तुम्हाला मिळाली की नाही ते कळत नाही. पोस्टातली बाई म्हणाली की तुमच्या नदीवरची बोट बंद झाली आहे आणि बर्फ अजून माणसाचं वजन पेलत नाही, त्यामुळे तार अलीकडच्या काठावर पडून राहील. म्हणून पत्रही लिहिते. जे आधी पोचेल ते.

तुमचा वेन्या गेला. शुक्रवारी, बावीस तारखेला. त्याची पाळी नव्हती म्हणून पहाटे पाचला बर्फाला भोकं पाडायचं गिरमिट आणि पेटी घेऊन कुबेना तळ्यावर मासे धरायला गेला. काठापासून दीडशे पावलांवर बर्फ फुटला. बरोबर कुणी नव्हतं. काठावरच्या दोघांनी शिडी आडवी टाकून त्याला ओढून काढलं, पण तोवर फार वेळ झाला होता. अंगावर कुठं खरचटलेलंसुद्धा नव्हतं.

परवा, तिसऱ्या दिवशी, पुरला. शेजारच्या फाया मावशींनी सगळं हातात घेतलं. मला म्हणाल्या, "तुमच्याकडे काय करतात ते तू मनात कर. बाकीचं मी बघते." आरशावर चादर त्यांनीच टाकली. जेवणाला डेअरीतल्या बायका आल्या, त्याच्या गॅरेजमधले सहा जण आले. टेबलाच्या टोकाची खुर्ची मी तुमच्यासाठी रिकामी ठेवली. तसं ठेवतात की नाही ते मला माहीत नाही.

तुमच्या डोळ्यांचे थेंब औषधांच्या दुकानात मिळाले. वेगळ्या पार्सलनं पाठवते आहे. दिवसातून तीनदा. ऑक्टोबरात तुम्ही त्याच्याबरोबर दिलेल्या काकड्यांच्या बरण्या नीट आल्या, एकही फुटली नाही.

रिम्मा टपाल घेऊन येईल तेव्हा हेही तीच वाचून दाखवेल. रिम्मा, सावकाश वाच. वाचून झाल्यावर लगेच निघून जाऊ नकोस.

मला आणखी लिहिता येत नाही.

तुमची
शैला


वेर्खोव्ये
९ डिसेंबर

शैला पोरी,

काल रिम्मा काठीनं बर्फ ठोकत ठोकत नदी पार करून आली. तीन आठवड्यांनी माणूस दिसलं. तुझं पत्र वाचलंन. भराभर वाचलंन, म्हणाली डोकं दुखतंय. चहासुद्धा घेतला नाही. चहाला नको म्हणणारी रिम्मा मी आजवर पाहिली नव्हती. आज परत बोलावून घेतलंय, मी सांगते आणि ती लिहिते.

थेंब घालते आहे. जळजळतात. म्हणजे काम करत असतील.

इकडे बर्फ कमरेएवढं. शेळी आत घेतली आहे, आता ती आणि मी एकमेकींचं तोंड बघत बसतो. ऑक्टोबरात छातीत आलं होतं तसं परत आलं नाही. नर्सबाई म्हणते धक्का नको, ओझं नको. मी म्हटलं, बाई, धक्का द्यायला इथं आहे कोण, शेळी?

वेन्या दोन ओळी लिहीत नाही. गप्प बसलाय. बसू दे. त्याचा बापही असाच होता, मनात काही आलं की आठवडा आठवडा भिंतीशी तोंड. त्याला सांग, आई रागावलेली नाही. त्याच्यासाठी मोजे विणते आहे, करड्या लोकरीचे. एक झालाय. त्याचे पाय कायम गार असतात.

शेवटच्या बोटीनं मी पत्र पाठवलं होतं, दरवर्षी पाठवते तसं. या वेळी रिम्माला मोठ्ठ्या अक्षरात लिहायला लावलं होतं, निकोलाचा सण होईस्तोवर बर्फावर पाय ठेवायचा नाही म्हणून. मिळालं का? त्याच्या बापाला मी एकदा दोरी टाकून ओढून काढलाय, तेव्हापासून मला ते पत्र घातल्याशिवाय झोप येत नाही. तो हसतो, पण ऐकतो.

नवीन वर्षाच्या झाडाचं काय करताय यंदा?

आई


वोलोग्दा
१५ डिसेंबर, रविवार

आई,

तुमचं पत्र काल आलं. मी ते दोनदा वाचलं आणि मग फाया मावशींना दाखवलं, कारण मला नीट समजलं नाही. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "म्हातारी माणसं करतात असं. चाळीस दिवस तो घरातच असतो ना, मग ती त्याच्याशी बोलते आहे. तूही तिचं मोडू नकोस."

बावीस वर्षं इथं राहून मला हे माहीत नव्हतं. तसं मी आल्यापासून आपल्या घरात कुणी गेलं नव्हतं.

म्हणून तुमचा निरोप त्याला सांगितला. आई रागावलेली नाही असं मोठ्यानं म्हटलं. मोजे आले की त्याच्याजवळ ठेवीन.

त्याच्या फोटोपुढे वोडकाचा ग्लास रोज भरलेला असतो. वर काळ्या पावाचा तुकडा. पाव वाळला की बदलते. चाळिसावा एकतीस तारखेला येतो. फाया मावशींनी बोटांवर मोजलं आणि कपाळावर हात मारला. म्हणाल्या, बाई गं, त्या दिवशी सगळा देश दारूच्या बाटल्या उघडत असतो, आणि आपण धिरडी घालायची. मी म्हटलं, दुपारी करू.

इथं आता सगळीकडे सण आहे. अंगणात नगरपालिकेनं झाड उभं केलंय, त्यावर दिवे सोडलेत, त्यातले निळे लागत नाहीत. डेअरीत भिंतीवर कापसाचा बर्फ चिकटवला. जिन्यात संत्र्यांचा वास येतो. लोक भेटले की आधी सणाच्या शुभेच्छा द्यायला तोंड उघडतात, मग आठवतं, मग ते तोंड तसंच राहतं. मीच त्यांना शुभेच्छा देऊन पुढे जाते.

झाड मी घेणार नाही. तुमच्याकडचं पहिलं वर्ष मला आठवतं. तुम्ही विचारलं होतंत, तुमच्या देशात बर्फ नाही, मग वर्ष बदललं हे कळतं कसं? आणि वेन्यानं एवढं मोठं झाड आणलं की ते दारातून आत येईना, शेवटी शेंडा तोडला आणि तोच आत लावला. बाकीचं झाड वसंतापर्यंत अंगणात पडून होतं. माझ्या वडिलांचं नाव दत्तात्रेय. ते तुम्हाला म्हणता येईना, म्हणून त्याच दिवशी तुम्ही मला शैला दिमित्रियेव्ना करून टाकलंत. डेअरीतही सगळे तेच म्हणतात.

थेंब संपत आले की कळवा.

शैला


वेर्खोव्ये
२० डिसेंबर

शैला,

तर असं आहे. पितोय तो परत.

रिम्मानं वाचलं तेव्हा ग्लास म्हणाली आणि एकदम थांबली. मी विचारलं, पितो का? ती गप्प. मी आंधळी होत चाललेय, बहिरी नाही. आणि तू त्याच्यापुढे रोज भरून ठेवतेस. वर पाव! खायला तरी घालतेस म्हणायचं. अगं, दहा वर्षं त्यानं थेंबाला शिवलं नव्हतं. कामावर काही झालं का? काढलं का त्याला? आणि तू लोण्यातली चरबी मोजणारी शिकलेली बाई, तुला घरातली बाटली लपवता येत नाही?

तुला बोलत नाही मी. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू कुणाला नाही म्हणत नाहीस. पण पत्र मिळालं का म्हणून विचारलं होतं, त्याचंही उत्तर दिलं नाहीस. रिम्मा म्हणते पत्रात ते नव्हतंच.

आता ऐक. काल निकोलाचा सण झाला. नदी पक्की झाली आहे, दुधाची घोडागाडी जाते वरून. आता तो खुशाल बर्फावर चालू दे. त्याला घेऊन नवीन वर्षाला इकडे ये. एकतीसला संध्याकाळपर्यंत पोचा. इथं मी त्याच्याकडे बघते. जंगलातून झाड आणायला लावते, लाकडं फोडायला लावते, घाम निघाला की दारूही निघते. मी चार ताटं मांडणार आहे: तुम्ही दोघं, मी आणि रिम्मा. रिम्मा आता मान हलवते आहे आणि तिला सर्दी झाली आहे.

दुसरा मोजाही झाला.

आई


वोलोग्दा
२४ डिसेंबर १९९६

रिम्मा,

हे पत्र तुझ्या नावानं पाठवते आहे. त्यांच्यापुढे उघडू नकोस.

त्यांचं आजचं पत्र वाचून मला कळलं की तू त्यांना सांगितलेलंच नाहीस. माझं पहिलं पत्र तुझ्याकडे आहे. तारही तुझ्याकडेच असेल. तू हवापाणी आणि थेंब एवढंच वाचलंस आणि बाकीचं गाळलंस. त्यांना वाटतं तो जिवंत आहे आणि दारू पितो आहे.

तू का केलंस ते मी समजू शकते. त्यांचं हृदय मलाही माहीत आहे. तुझ्यावर मी ओरडत नाही. पण एकतीस तारखेला चाळिसावा आहे. त्या दिवशी तुमच्याकडे काय करतात ते तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. आई पाव भाजते, फाटक उघडते, आणि रस्त्यापर्यंत जाऊन त्याला निरोप देते. त्यांनी माती दिली नाही. चेहरा पाहिला नाही. नववा दिवस गेला. एवढं एकच उरलं आहे. ते त्यांना मिळालं पाहिजे.

तीस तारखेच्या आत सांग. नर्सला बरोबर घेऊन जा. माझं पहिलं पत्र पूर्ण वाच, एकही ओळ न सोडता. आधी सांगितलं तर चालेल. नंतर सांगून काही उपयोग नाही.

मी स्वतः आले असते. पण वर्षअखेर आहे, प्रयोगशाळेत रजा देत नाहीत, आणि सणाच्या दिवसांत बसचा भरवसा नसतो.

शैला


वेर्खोव्ये
२ जानेवारी १९९७

शैला दिमित्रियेव्ना,

तुमचं पत्र अठ्ठावीसला मिळालं. आज उत्तर लिहिते आहे, यावरून काय ते तुम्ही समजला असाल. तरी सगळं सांगते.

तार माझ्या पिशवीत नोव्हेंबरपासून होती. मी ती अलीकडच्या काठावर पोस्टात वाचली तेव्हाच ठरवलं की सणाआधी द्यायची नाही. मागच्या वर्षी याच दिवसांत मी पलीकडच्या आळीतल्या आग्नियाला तार दिली होती. तिचा मुलगा फौजेत होता. तिच्या घरात झाड सजवलेलं होतं, तिनं तार घेतली आणि मला गोळी दिली, चॉकलेटची, झाडावरची. वाचायच्या आधी. ते झाड अजून तिच्या घरात उभं आहे. पानं सगळी गळली. ती काढू देत नाही. मी दर आठवड्याला टपाल घेऊन त्या झाडापुढे उभी राहते. म्हणून मी म्हटलं, परत नाही. तुमच्या सासूबाई लुकेर्या तिखोनोव्नांना एक सण होऊ दे, मग सांगू.

मग तुमचं पत्र आलं. वाचताना गाळत गेले. वाटलं, तुम्ही त्यांचं उत्तर वाचून ओळखाल. त्या सांगतात तसं लिहिलं की शेवटी परत वाचून दाखवायला लावतात, त्यामुळे मला मध्ये एक शब्द घालता येत नव्हता. वेगळं पत्र तुम्हाला लिहिता आलं असतं. लिहिलं नाही. दुसऱ्या खेपेला ग्लास हा शब्द तोंडातून निघून गेला आणि त्या म्हणाल्या पितो का, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. तेवढ्या खोट्यानं सगळं बसत होतं. मी नाही म्हटलं नाही.

तीसला नर्सबाईला घेऊन गेले होते. खरंच गेले होते. त्यांनी चुलीला नवा चुना लावला होता, चार ताटं मांडून वर रुमाल टाकला होता. नर्सबाईला म्हणाल्या, "तू कशाला आलीस? माझी नाडी बघायला? उद्या मुलगा येतोय, उद्या बघ, घोड्यासारखी पळेल." नर्सबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, सणाच्या शुभेच्छा द्यायला आलो.

एकतीसला तुम्ही आला नाहीत. अंधार पडेपर्यंत त्या फाटकाशी उभ्या होत्या. मग आत आल्या, म्हणाल्या, बस चुकली असेल, दोन दिवसांनी येतील. तुमच्या दोन ताटांवर आग्निया आणि नर्सबाई बसल्या. रेडिओ लावला. त्यांनी ती हिरवी शाल घेतली होती, वेन्यानं आणलेली. ग्लास उचलला आणि म्हणाल्या, "माझ्या वेन्याच्या तब्येतीला. देव त्याला अक्कल देवो." आणि प्रत्येकीच्या ग्लासला ग्लास भिडवला. आग्नियाला माहीत नव्हतं. नर्सबाईला माहीत होतं. तिनं भिडवला. मीही भिडवला. मेलेल्यासाठी ग्लास भिडवत नाहीत हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं, आणि आम्ही चाळिसाव्या दिवशी त्याच्यासाठी भिडवला. आवाज अजून कानात आहे.

काल दुपारी सांगितलं. तुमचं पहिलं पत्र पूर्ण वाचलं, मग मला लिहिलेलंही. त्या रडल्या नाहीत. छातीतही आलं नाही. विचारलं, "काय तारीख म्हणालीस?" बावीस, म्हटलं. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. हळूहळू मोजत होत्या, मला वाटलं, मोजणं संपूच नये. मग म्हणाल्या, "म्हणजे काल होता."

मग उठल्या आणि आरशावर पंचा टाकला. चाळिसावा उलटून गेल्यावर. मग मला म्हणाल्या, "रिम्मा, आता तू जा."

आज टपाल घेऊन गेले तर दार आतून लावलेलं होतं. धूर निघत होता, म्हणजे बऱ्या आहेत. पाकीट कडीत अडकवून आले.

मला क्षमा मागता येत नाही. तुम्ही त्यांना लिहा.

रिम्मा


वेर्खोव्ये
८ जानेवारी

शैला

हे मी स्वतः लिहिते. ओळी वाकड्या असतील. भिंगानं बघते आहे.

काल जुन्या पंचांगाचा येशूजन्माचा सण होता. मी चर्चला गेले नाही. नदीवर गेले. काठावर पाव ठेवला. कावळ्यांनी नेला. उशीर झाला तरी ठेवला.

त्याच्या तब्येतीला प्याले मी. त्याला अक्कल दे म्हणाले. तो माझ्या घरातून गेला तेव्हा माझ्या तोंडात हे होतं.

रिम्माला मी दार उघडत नाही. उघडीन कधीतरी. ती मूर्ख आहे, पण वाईट नाही.

तू का आली नाहीस. मी दूधवाल्याला विचारायला लावलं. तीस तारखेपर्यंत बस रोज धावत होती. तुला सगळं माहीत होतं. तू रिम्माला पाठवलंस.

मोजे तयार आहेत. कुणाला देऊ.

रिम्माकडून वाचून घेणार नाही. मोठं लिही. एका पानावर थोडंच लिही. मी वाचीन.

आई


वोलोग्दा
१४ जानेवारी १९९७, मंगळवार

आई,

तुम्ही सांगितलंत तशी मोठी अक्षरं काढते आहे. एका पानावर आठ ओळी बसतात. पानं खूप होतील. सवडीनं वाचा.

आज उणे एकोणीस. जुन्या पंचांगाचं नवीन वर्ष. डेअरीत दुपारी केक कापला. मी घरी लवकर आले.

तुम्ही विचारलंत की मी का आले नाही. बस होती. रजाही मिळाली असती, विचारली नाही. मी रिम्माला खोटं लिहिलं.

तुमचं नोव्हेंबरातलं पत्र मिळालं होतं.

ते एकवीस तारखेला, गुरुवारी आलं. मी दुपारी जेवायला घरी आले होते. खालच्या पेटीत होतं. पाकिटावर वेन्याचं नाव रिम्माच्या मोठ्या अक्षरात. परत जायची घाई होती. मी ते डेअरीच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात ठेवलं आणि विसरले. दुपारभर नमुने होते.

संध्याकाळी वेन्यानं विचारलं, "आईचं पत्र आलं का?" मी इस्त्री करत होते. नाही म्हटलं. मला खरंच आठवलं नाही. तो हसला आणि म्हणाला, "म्हणजे या वर्षी बंदी नाही." मग खाली जाऊन गिरमिटाला धार लावून आणली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पेन्सिल काढायला खिशात हात घातला. तेव्हा सापडलं. तेव्हा तो तळ्यावर पोचून चार तास झाले होते. एक वाजता पोलिसांचा फोन आला.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. फाया मावशींनाही नाही. तुम्ही पहिल्या पत्रात विचारलंत, दुसऱ्या पत्रात विचारलंत. समोर आले असते तर तिसऱ्यांदा विचारलं असतंत. तोंडावर मला खोटं बोलता आलं नसतं. खरंही बोलता आलं नसतं. म्हणून रिम्माला पाठवलं. ती धजली नाही, कारण ते काम तिचं नव्हतं. चाळिसावा तुमचा हुकला तो माझ्यामुळे.

पत्र माझ्याजवळ आहे. मी उघडलं नाही. त्याच्या नावाचं आहे. परत पाठवू की त्याच्याजवळ पुरू की ठेवू, ते तुम्ही सांगा.

एकतीस तारखेला इथं काय झालं ते तुम्हाला माहीत असायला हवं.

दुपारी एक वाजता माणसं आली. धिरडी फाया मावशींनी घातली. मध आणि मनुका घातलेला गहू मी शिजवला. डेअरीतल्या सात जणी आल्या. सगळ्यांनी काळे रुमाल बांधले होते. ल्युबाच्या रुमालाखाली केसांना रोलर लावलेले होते, संध्याकाळसाठी. कोट काढला तेव्हा तिघींच्या अंगावर चमचमते कपडे दिसले, त्यांनी परत कोट घातले आणि कोटातच बसल्या. मी म्हटलं, काढा, गरम होईल. ल्युबा म्हणाली, "शैला दिमित्रियेव्ना, आम्हाला लाज वाटते." मी म्हटलं, त्याला चमकणारं आवडायचं. मग त्या सगळ्या एकदम रडल्या आणि कोट काढले. ग्लास कुणी भिडवले नाहीत.

तीनपर्यंत सगळ्या गेल्या. प्रत्येकीच्या घरी सॅलड चिरायचं बाकी होतं. वरच्या मजल्यावर नाच सुरू झाला तो सकाळपर्यंत. फाया मावशी वर जाऊन त्यांना बोलणार होत्या. मी नको म्हटलं.

मी त्याला फाटकापर्यंत पोचवलं नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, फाटक नाही. मी जिन्याचं दार उघडून उभी राहिले. खालून एक माणूस लांब पांढरी दाढी लावून, लाल अंगरखा घालून, पोतं घेऊन वर येत होता, तिसऱ्या मजल्यावरच्या मुलांसाठी. चुकून एक मजला वर आला. मला उघड्या दारात बघून म्हणाला, "इथं किती मुलं?" मी म्हटलं, इथं नाहीत. तो सणाच्या शुभेच्छा देऊन खाली गेला. दार मी आणखी थोडा वेळ उघडं ठेवलं. जिना गार होता. मग लावलं.

ग्लासमधलं खाली बर्फात ओतलं. पाव चिमण्यांना घातला. ग्लास धुऊन बाकीच्या पाचांबरोबर ठेवला.

मोजे मला पाठवा. मी घालीन. मोठे होतील.

तुम्ही यायला सांगितलंत तर येईन. नाही सांगितलंत तरी कळेल मला.

पाकीट बंद करायच्या आधी जेवून घेतलं. ऑक्टोबरातली शेवटची बरणी बाल्कनीतून आत आणली. झाकण निघेना, ते वेन्या काढायचा. कडेखाली चमच्याचं टोक घालून वर उचललं, हवा आत गेली तसं निघालं. एक काकडी बाहेर काढली, चार फोडी केल्या, बटाट्याबरोबर खाल्ली. मग झाकण परत बसेना म्हणून बरणीवर बशी ठेवली, आणि बरणी परत बाल्कनीत नेऊन ठेवली.

शैला